हलकं मशीन

"काका, तुमच्याकडचं कुठलं मशीन लोकांनी सगळ्यात जास्त वेळा परत आणून दिलंय?"

विचारलं काडीने, पण प्रश्न मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत त्यांनी पैज लावली होती, "दुकानदाराच्या तोंडावर हे विचारून दाखव, मग तुला मानलं!" आणि काडी हल्ली कुठल्याच पैजेला नाही म्हणत नसे. गेल्या वर्षापर्यंत वर्गाची अडकलेली खिडकी उघडायलाही तिला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागायचा, म्हणून तर हे नाव पडलं. आता शाळेच्या व्यायामशाळेत ती वजन उचलायला बसली की भलेभले पाणी प्यायच्या निमित्ताने सटकायचे. नाव मात्र तिने बदलू दिलं नव्हतं. "काडी म्हणा आणि उचलून दाखवा," असं ती छाती काढून सांगायची.

शाळेतून ती थेट आईबाबांबरोबर इथे आली होती. घरासाठी व्यायामाचं मशीन घ्यायचं होतं, आणि आईची अट एकच होती, "निवड तुझी. पण एकदा घरात आलं की आलं. ते लोखंड मी पुन्हा जिन्यावरून उतरवू देणार नाही." आई शिवणकाम करायची. गळ्यातली टेप काढून ती प्रत्येक मशीनची उंची मोजत होती, पंख्याला लागायला नको म्हणून. बाबा बस चालवायचे. ते प्रत्येक सीटवर बसून बघत होते आणि "ब्रेक कुठाय याला?" म्हणून स्वतःच हसत होते.

दुकानदार चिडेल किंवा हसेल, असं काडीला वाटलं होतं. तो चिडला नाही आणि हसलाही नाही. पाण्याचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता. तो जपून टेबलावर ठेवत त्याने हनुवटीने कोपरा दाखवला.

"ते. आरशासमोरचं."

"बिघडलंय?"

"छे. सगळ्यांची एकच तक्रार. म्हणे फार हलकं आहे."

"मग प्लेटा पोकळ असतील!" बाबा लांबून ओरडले.

"काढून काट्यावर घातल्या होत्या, साहेब. वजन बरोबर भरतं."

काडीचे डोळे लकाकले. पण आधी तिने दाराजवळचं मशीन धरलं. सगळ्यांची रचना सारखीच होती. बसायला सीट, डोक्यावर ओढायचा दांडा, मागे चौकटीत एकावर एक रचलेल्या काळ्या प्लेटा. ज्या भोकात पिन घालाल, तिथपर्यंतच्या प्लेटा केबलने वर उचलल्या जातात. दाराजवळचं मशीन करकरत होतं. निम्म्या प्लेटांवरच दांडा काडीच्या कपाळाशी अडला.

"रडकं आहे हे," ती म्हणाली आणि आरशाकडे वळली.

"पिन तुमची तुम्ही लावा हं," दुकानदार म्हणाला. तो जागचा हलला नाही.

तिने तितक्याच प्लेटा लावल्या आणि ओढलं. दांडा लोण्यातून सुरी यावी तसा खाली आला.

"पिन अर्धवट गेली असणार," म्हणत बाबांनी पिन खट्कन आत दाबली. काडीने पुन्हा ओढलं. तेच. तिने पिन खाली घेतली, मग आणखी खाली. प्रत्येक वेळी प्लेटा आवाज न करता वर गेल्या. दाराजवळचं मशीन बोटभर हललं तरी कण्हायचं, आणि याचा साधा श्वासही ऐकू येत नव्हता.

"अगं पैलवान, उद्यापासून माझी बस तूच ओढ!"

काडी आनंदाने फुगून गेली. तिने पिन अगदी शेवटच्या भोकात घातली. सगळा ढीग. ओढलं, आणि सगळा ढीग वर गेला.

आरशात तिने आधी स्वतःलाच बघितलं. दंड झकास दिसत होते. मग तिची नजर मागे गेली. केबल सैल होती. बाबांच्या पायजम्याच्या नाडीसारखी लोंबत होती. प्लेटा वर होत्या आणि त्यांना ओढणारं काहीच ताठ नव्हतं.

तिने दांडा सोडून दिला.

प्लेटा तशाच वर राहिल्या. तिने काहीतरी बोलावं, निदान आभार तरी मानावेत, अशी कुणीतरी वाट बघत असावं तशा. मग झोपलेलं बाळ अंथरुणावर ठेवावं इतक्या हळुवारपणे त्या खाली आल्या.

"बघितलंस? पोरीने अख्खा ढीग उचलला!" बाबा आईला सांगत होते. त्यांनी फक्त लेकीचं तोंड बघितलं होतं, आणि आई खाली वाकून रुंदी मोजत होती.

काडी उठली. सीटजवळचं दप्तर तिने नेहमीसारखं एका बोटाने उचललं, पण ते उचललं गेलं नाही. पट्टा कशात अडकला होता का? नव्हता अडकला. तिने दोन्ही हात लावले. दप्तर गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथेच हातातून सुटलं. सकाळी हेच दप्तर पाठीवर टाकून ती जिना धावत उतरली होती.

तिने मान वर केली. दुकानदार स्वतःच्या पेल्याकडे बघत होता. मघाशी हे तिघं आले तेव्हा तो दोन्हीकडे उघडणाऱ्या काचेच्या दाराशी आतून उभा होता आणि "ढकला, तुम्हीच ढकला!" म्हणत होता. तेव्हा तिला तो आळशी वाटला होता.

ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "काका, तुम्ही वापरायचात ना ते?"

"रोज. थोडंसंच," तो कुजबुजला. "फार बरं वाटायचं गं. आपलं ओझं कुणीतरी घेतंय, असं." मग जरा थांबून म्हणाला, "दार उघडतेस का जरा? सकाळपासून हवा नाही आत."

काडी दाराशी गेली. तिने तळवा टेकवून ढकललं. दार ढिम्म. तिने खांदा लावला, दात आवळले, चपला फरशीवर घसरल्या आणि शेवटी दार वीतभर उघडलं. वाऱ्याची झुळूक तोंडावर आली. वीतभर का होईना, ते तिचं होतं.

मागे बाबा दुकानदाराला विचारत होते, "मग हे आरशासमोरचंच बांधून देता का? आजच नेऊ."

काडी रडक्या मशीनवर जाऊन बसली. वरून पहिल्याच प्लेटेखाली तिने पिन घातली आणि ओढलं. मशीन करकरलं, केबल ताठ झाली, तळव्यांना दांडा रुतला. एकच प्लेट, पण तिचं सगळं वजन काडीच्या हातांत होतं. कपाळावर घाम आला, तशी ती हसली.

तेवढ्यात कोपऱ्यात टक् झालं. प्लेटेवर प्लेट आपटल्याचा आवाज. त्या मशीनचा तो पहिलाच आवाज होता, आणि सीटवर कुणीही नव्हतं. दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

"बाबा, थांबा! आई, तूही ऐक," काडी उभी राहिली. आवाज खणखणीत होता. "ठरलंय माझं. ते नको. हे करकरणारंच घ्यायचं, आणि मी पहिल्या प्लेटेपासून सुरुवात करणार. हसायचं तर हसा. आणि दप्तर घरापर्यंत मीच नेणार, ओढत न्यावं लागलं तरी." मग आरशासमोरच्या मशीनकडे तोंड करून ती आणखी मोठ्याने म्हणाली, "मला कुणीही मदत करायची नाही. कुणीही!"