बांधाआडची वाळुंज

मी वाळुंजीचं झाड बोलतेय. मी नदीकाठच्या जंगलातली खरी, पण नदी आता मला दिसत नाही. मधे बांध आहे.

पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या मऊ गाळात माझा जन्म झाला. आमच्यात पाणीच जागा ठरवून द्यायचं. लव्हाळा अगदी पुढे, आम्ही वाळुंजी त्याच्यामागे, आणि पाय ओले झाले की नाकं मुरडणारी जाड खोडांची मंडळी उंचवट्यावर. दरवर्षी पूर आम्हाला गदागदा हलवायचा आणि नवा गाळ टाकून जायचा. माझं बी कापसासारखं, चार दिवसांचं पाहुणं. ओला, उघडा गाळ मिळाला तरच ते रुजतं.

टोपल्या विणणारी मावशी माझ्या फांद्या न्यायची. कोयता चालवण्याआधी म्हणायची, "जरा दुखेल हं." तिची चिमुरडी लेक माझ्या बुंध्याशी सालीच्या बाहुल्या करत बसायची.

एका वर्षी पूर वस्तीत शिरला आणि त्या लेकीला घेऊन गेला.

मग सगळ्यांनी मिळून बांध घातला. मावशीनं दिवसभर डोक्यावरून टोपल्यांनी माती वाहिली. त्या टोपल्या माझ्याच फांद्यांच्या होत्या. तिला मी बोल लावत नाही. पोटचं पोर गेलेल्या बाईनं दुसरं करावं तरी काय?

तेव्हापासून इथल्या जमिनीची गत म्हणजे नदी उशाला आणि कोरड घशाला. लव्हाळा वाळून गेला, सगळीकडे गवत माजलं. माझं बी गवतावर पडतं आणि तिथेच मरतं. माझ्याभोवती एकही रोप नाही, याचं मला फार दुःख होतं.

मावशीच्या ते लक्षात आलं. ती मला घागरीनं पाणी घालू लागली.

"आई, एवढ्या मोठ्या झाडाला कसलं पाणी घालताय?" सून म्हणाली.

"हिच्याखाली एक पिल्लू दिसत नाही गं. तहानली असेल."

मावशी, माझी मुळं खोल आहेत, मला तहान नाही. मला हवाय तो पूर. पण तो तुझ्याकडे कोणत्या तोंडानं मागू?

बांधापलीकडे नुसते दगड रचलेत. शेवटी त्यातल्या एका ओल्या फटीत तिनं माझी फांदी खोचली. परवा धापा टाकत सांगायला आली, "लागली गं तुझी लेक! पालवी फुटली."

फांदी म्हणजे लेक नव्हे. ती मीच, पुन्हा एकदा. पण हे तिला सांगणार कोण?

आता ती रोज संध्याकाळी बांधावर बसते. त्या कोवळ्या फांदीकडे बघत राहते आणि उठताना म्हणते, "पाण्याच्या फार जवळ जाऊ नकोस हं, बाळा."