छिनच्या राजाचं शेवटचं वाक्य

साहेब, रावजीला तुम्ही मारलंत. रिपोर्टात लिहिलंत, भर दुपारी तो स्वतःहून उन्हात गेला. बहरीनमध्ये उन्हाळ्यात दुपारचं बाहेरचं काम बंद असतं, हे काल उतरलेल्यालाही ठाऊक असतं. रावजी तर इथे म्हातारा झालेला पाइप फिटर. त्या दुपारी फोनवर तुम्ही मला म्हणालात, "उद्या पाहणी आहे. यल्ला, चल, माणसं काढ." रावजी म्हणाला, "आज नको रे, प्रशांता. गरगरतंय." मी ऐकलं नाही. सखीरच्या साइटवर गाडी मीच नेली. संध्याकाळी रावजीशिवाय परत आणली.

मग इथल्या मराठी मंडळाचं नाटक आलं. देणगी तुमची, म्हणून मुकुटही तुमचा. सेनापती मी.

नाटक बसवणाऱ्या लीनाताईंनी जुन्या चीनमधली गोष्ट घेतली. तिथल्या छिन नावाच्या राज्याच्या राजाला दूरचं राज्य गाफील गाठायचं होतं. म्हातारा मंत्री रडला. फौज दमेल, बातमी फुटेल, परतताना खिंडीत मराल. राजा म्हणाला, "वेळेवर मेला असतास तर थडग्यावर एव्हाना झाड वाढलं असतं." बातमी फुटली. खिंडीत फौज कापली गेली. शत्रूने तीन सेनापती तेवढे सोडले. त्यांना घ्यायला राजा पांढऱ्या कपड्यांत वेशीबाहेर आला, रडला आणि म्हणाला, "दोष माझा."

अदलियातल्या तालमीत तुम्ही तिथेच अडायचात.

"राजा कशाला माफी मागेल? लोक हसतील."

"अडीच हजार वर्षांपूर्वी मागितली, सर," लीनाताई म्हणाल्या. "आणि दोन शब्दांना प्रॉम्प्टर लावायचा म्हणजे आम्हालाच लाज."

प्रयोगाला दुसऱ्या रांगेत मथुरावहिनी होत्या, रावजीची बायको. नईममध्ये एका घरी स्वयंपाक करतात, सुट्टी मागून आल्या होत्या. मी गुडघ्यावर, मान खाली. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

तुम्ही बघितलंत. विंगेतून प्रॉम्प्टर भक्तीने वाक्य पुरवलं, पुन्हा पुरवलं, मागचे हसायला लागले. मग तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात,

"सेनापती, दोष तुझा."

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, नाटकातच आहे.

मी उठलो. पुढचं कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"माझा आहेच, महाराज. तो नको म्हणत होता, तरी मी नेलं. उद्या ऑफिसात लिहूनही देईन. पण न्यायला कुणी सांगितलं? त्याची बायको समोर बसलीय. माझ्याकडे नका बघू, तिच्याकडे बघून बोला. कुणी सांगितलं?"