एकटीसाठी बाटली फोडत नाहीत

लस टोचायचा दिवस म्हटला की माईंच्या घरात सकाळपासून धांदल असे. व्हरांडा धुऊन निघे, हातांची खुर्ची पुसून भिंतीशी लागे, नर्सबाईंच्या थंड पेटीसाठी टेबलावर स्वच्छ चादर येई आणि माईंचा आवाज घरभर फिरू लागे. खरं म्हणजे तो त्यांचा हक्कच होता. पूर्वी गल्लीतल्या बायकांना पोरं काखोटीला मारून लांबच्या दवाखान्यात जावं लागे आणि तिथे अर्धा दिवस ताटकळावं लागे. माईंनी दवाखान्यातल्या साहेबांचं डोकं खाऊन खाऊन लस गल्लीत आणली. "मी नसते तर अजून तिकडेच बसला असतात," असं त्या येताजाता ऐकवत, आणि बायकाही ऐकून घेत, कारण ते खोटं नव्हतं.

माईंच्या घराचा एक शिरस्ता होता. आधी घरातलं, मग दारातलं. जेवणाला तोच, जुन्या कपड्यांना तोच. दारातलं माणूस रिकाम्या हाती परत गेलं असं सहसा होत नसे. तोच शिरस्ता त्यांनी लशीलाही लावला. पुढच्या गल्लीतल्या बायका व्हरांड्यात बसत. मागच्या गल्लीत कचरा उचलणारी, गटारं उपसणारी माणसं राहत. त्यांच्या बायकांनी फाटकाबाहेर थांबायचं आणि सगळ्यांचं उरकलं की आत यायचं. असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. अन्न उरतं, कपडे उरतात. लशीचं तसं नसतं, हे माईंच्या कधी ध्यानात आलं नाही, आणि ज्यांच्या ध्यानात यायला हवं होतं त्यांनी कानाडोळा केला.

त्या दिवशी फाटकाबाहेर कचरेवाली उभी होती. तिला सगळे कचरेवाली म्हणत, जणू काही कचरा तिचाच आणि आपण सगळे धुतल्या तांदळासारखे. तिच्या कडेवर तिची मुलगी होती. नुकतं चालायला लागलेलं पोर, पण एका जागी ठरेल तर शपथ. म्हणून तिचं नाव पडलं होतं भिंगरी. आई घरोघरचा कचरा गोळा करायची तेव्हा भिंगरी हातगाडीच्या दांड्याला बांधलेल्या ओढणीच्या झोळीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायची. माईंची सून रोज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर आणायची, तीही त्या हाताला हात करायची. सूनबाईंचं स्वतःचं बाळ तेव्हा अगदी तान्हं होतं.

व्हरांडा रिकामा झाला तेव्हा माईंनी फाटकाकडे पाहून मान हलवली. कचरेवाली आत आली, पायरीशी बसली आणि भिंगरीची बाही वर करू लागली. नर्सबाईंनी तिचा हात अडवला.

"गोवराची बाटली आत्ताच संपली गं."

"पेटीत आहेत की अजून."

"आहेत. पण एकदा फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. एकटीसाठी नाही फोडता येत. वरून मलाच विचारतात, लस वाया का घालवली म्हणून." नर्सबाई वाईट नव्हत्या. सकाळपासून उभ्या होत्या, पाय भरून आले होते. "पुढच्या वेळी जरा लवकर ये."

"लवकरच आले होते, बाई," कचरेवाली म्हणाली. "बाहेर उभी होते."

ती हे भांडून म्हणाली नाही. सूनबाई दारात बाळाला थोपटत उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. माईंकडे पाहिलं. या घरात सुनेनं बाहेरच्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. सूनबाईंनी बाळाचं दुपटं नीट केलं आणि त्या आत गेल्या.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. या वेळी नर्सबाईंनी तोडगा सुचवला. "अशी एकटी नको येऊस. तुमच्या गल्लीतली चारपाच पोरं जमव, मग मला बाटली फोडता येईल."

"सकाळी आमच्याकडे कोण असतं, बाई? सगळ्या कामावर. पोरं पण त्यांच्यासोबत."

"मग मी तरी काय करू?"

माईंनी मध्ये पडून कचरेवालीच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला. पोर उन्हात उभं होतं, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. भिंगरीनं पुडा दोन्ही हातांनी पकडला आणि तोंडात घातला, कागदासकट. सगळ्या हसल्या. कचरेवालीही हसली.

मग एका सकाळी कचऱ्याची गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फाटकाजवळ डबा भरून वाहू लागला, माश्या घोंगावू लागल्या, आणि माई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "जरा चांगलं वागवलं की ही माणसं डोक्यावर बसतात. निदान सांगून तरी सुट्टी घ्यावी."

गाडी आली तेव्हा सूनबाई डबा घेऊन बाहेर गेल्या. सवयीनं त्यांचा हात वर झाला होता. दांड्याला झोळी नव्हती.

"भिंगरी कुठे आहे?"

कचरेवालीनं डबा गाडीत उलटा केला, बुडावर थाप मारली, चिकटलेलं पाडलं. "गेली."

"कुठे?"

"गोवर निघाला होता. अंगभर. मग छातीत उतरला. मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो, डॉक्टर म्हणाले उशीर केला." तिनं रिकामा डबा परत दिला. "शेजारणीच्या दोघी पोरी पण तापल्यात. तुमच्या बाळाला बाहेर आणू नका, ताई. अजून लहान आहे ते."

जिचं पोर गेलं ती त्यांच्या पोराची काळजी करत होती, आणि त्या मात्र दारात उभ्या राहून दुपटं नीट करत बसल्या होत्या. त्यांना स्वतःची शरम वाटली. माईंना सांगितलं तर त्या "अरेरे" म्हणाल्या, डोळेही पुसले, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "आपल्या पिल्लाला आता पहिल्यांदा टोचून घ्यायचं, सगळ्यांच्या आधी."

पिल्लाला नऊ महिने पुरे झाले आणि लशीचा दिवस आला. व्हरांडा धुतला गेला, चादर आली, खुर्ची आली. माईंनी सुनेला खुर्चीत बसवलं. नर्सबाईंनी बाटली फोडली, सुई भरली.

सूनबाई उठल्या. बाळाला छातीशी धरून पायऱ्या उतरल्या, फाटक उघडून बाहेर गेल्या. बाहेर मागच्या गल्लीतल्या दोघी पोरं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या सोबतीला कचरेवाली. कामं बुडवायला लावून तिनंच त्यांना आणलं होतं. सूनबाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हे काय नाटक?" माई म्हणाल्या. "उन्हात बाळाला घेऊन? चल आत."

"आमची पाळी आली की येते, आई."

"पाळी आपलीच आहे."

"ह्या माझ्या आधी आल्यात."

व्हरांड्यातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी पुटपुटलं, शिकलेली सून म्हणजे डोक्याला ताप. पण लस टोचून घ्यायला आलेल्या बायका लस टोचून घेऊनच जाणार, त्यामुळे रांग पुढे सरकत राहिली आणि व्हायचं तेच झालं. व्हरांडा संपला, बाटलीही संपली.

"सूनबाई, आणा बाळाला," नर्सबाई पेटी उघडत म्हणाल्या. "तुमच्यासाठी नवी फोडते."

"एकट्यासाठी फोडता?"

नर्सबाईंचा हात पेटीतच राहिला. "तुमचं घर आहे. तुमच्या घरातल्या बाळाला कसं परत पाठवू?"

"मग ह्यांना कसं पाठवलंत?" सूनबाई म्हणाल्या. "फोडायची तर आधी ह्या दोघींच्या पोरांसाठी फोडा. माझ्या बाळाला शेवटी टोचा, नाहीतर आज टोचूच नका."

माई खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या. नातवाच्या जिवाचा घोर त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. गोवर मागच्या गल्लीत होता, आणि मागची गल्ली त्यांच्या परसाच्या भिंतीपलीकडेच होती. अखेर त्याच म्हणाल्या, "फोडा हो बाई. घ्या त्यांना आत."

बाटली फुटली. दोन्ही पोरांनी आभाळ डोक्यावर घेतलं, मग पिल्लानं सूर लावला. नर्सबाई सुई ठेवून कचरेवालीकडे वळल्या. "बघ, लस अजून उरली आहे. जा, तुझीला घेऊन ये पळत. तिचं राहिलंय ना?"

सूनबाईंनी मान खाली घातली. नर्सबाईंना कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्या टेबलाला टेकल्या. बाटलीत अजून पुष्कळ लस होती.

"ह्या उरलेलीचं काय करणार, बाई?" कचरेवालीनं विचारलं.

"कुणी आलं नाही तर… फेकावी लागेल."

"मग त्या दिवशी पण फेकली असतीत," ती म्हणाली. "कचरा तर आम्हीच उचलतो."

तिनं पोरांच्या आयांना चला म्हटलं आणि ती फाटकाकडे निघाली. सूनबाईंनी बाळ माईंच्या हातात दिलं, थंड पेटीचा पट्टा खांद्याला अडकवला आणि नर्सबाईंना म्हणाल्या, "चला, लस अजून चांगली आहे तोवर मागच्या गल्लीत जाऊ. कामावरून कुणी ना कुणी परत आलं असेल. पुढच्या वेळेपासून टेबल तिथेच मांडू."

नर्सबाई त्यांच्या मागोमाग निघाल्या. माई रडणाऱ्या नातवाला घेऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. फाटक सताड उघडं होतं, आणि ते लावून घ्या असं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत.