चुन्याखालची दोन भोकं

भुंग्या कुत्रा उसातून बाहेर आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. त्याचं नाकाड डाव्या बाजूनं सुजलं होतं.

"गांधीलमाशी डसली आसंल," गोठ्याच्या दारात बसलेल्या दगडाबाई म्हणाल्या. "मेल्या, गेल्या वर्षी बी असाच भोपळा झाला हुता तुझा. पोळ्यात त्वांड घालायची लई हौस!"

त्यांनी पानाची चंची सोडली, डबीतला चुना बोटावर घेतला आणि भुंग्याच्या थोबाडावर जाडसर थापला. गेल्या वर्षी सूज याच चुन्यानं उतरली होती, म्हणून सून संजीवनीही निर्धास्त राहिली. तिनं शेण काढून घेतलं.

अकराला सूज गळ्यापर्यंत आली. भुंग्यानं पाणी नुसतं हुंगलं. मग उभ्या उभ्या मुतला, ते लाल होतं. संजीवनीनं ओल्या फडक्यानं चुना पुसला. खाली दोन भोकं होती. रक्त पाझरत होतं, थांबत नव्हतं.

"आत्या, साप चावलाय. घोणस आसंल."

"बिरोबाच्या देवळात न्हेऊ?"

"न्हाय. बारामतीला."

तिनं त्याला एक पाऊलही चालू दिलं नाही. पोत्यात घेऊन स्कुटीवर पायांपाशी ठेवलं. दगडाबाई मागं बसल्या. काटेवाडीपासून जनावरांच्या दवाखान्यापर्यंत त्या एकच सांगत राहिल्या, "हळू गं, ब्रेकर हाय."

डॉक्टर प्राचीनं सलाईनमधून विषावरची लस लगेच सुरू केली. थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन टेबलावर उभं ठेवलं. "वीस मिनिटं हलवू नका. रक्त गोठतंय का बघू."

संजीवनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. वीस मिनिटांनी डॉक्टरनं नळी आडवी केली. रक्त गोठलं नव्हतं. पाण्यासारखं वाहिलं.

"चावून किती वेळ झाला?"

"नऊच्या आधी कधीतरी."

"म्या चुना लावला हुता," दगडाबाई म्हणाल्या. "त्यानं वाढलं का वं इख?"

"चुन्यानं विष वाढत नाही, आजी." डॉक्टरनं सलाईनची नळी सरळ केली. "पण त्यात वेळ गेला."

दगडाबाईंनी बोट पदराला पुसलं. चुना वाळला होता, निघाला नाही.

अडीचला भुंग्याचा श्वास थांबला. डॉक्टरनं सुई काढून घेतली. संजीवनीनं पोतं उचलून पुन्हा पायांपाशी ठेवलं, कडा नीट खोचल्या.

गावाच्या अलीकडं मागून आवाज आला, "हळू गं, ब्रेकर हाय."

संजीवनीनं गाडी हळू केली.