साळूबाईच्या विहिरीतली सून

हरणाबाईंच्या मनात संशय शिरला तो सुनेच्या केसांवरून. अमावास्येचा दिवस, दिवेलागणीची वेळ, आणि सुला दवाखान्यातून घरी आली ती पदर कपाळापर्यंत ओढून. चुलीपुढं वाकली तसा पदर मागं सरकला. वेणीतून पाणी ठिबकत होतं. सवाष्ण बाई अमावास्येला डोक्यावरून पाणी घेत नाही, हे आष्ट्याच्या शिवारात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ही तर शिकलेली, सरकारी नर्स, वाड्यावस्त्यांवर फिरून दुसऱ्यांना शहाणपण सांगणारी.

"न्हालीस व्हय गं?"

"घाम लय आला होता, आत्या."

घामानं वेणी पिळायची पाळी येत नाही, हे हरणाबाईंना कळत होतं. पण त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे प्रकरण मिटलं, असं समजण्याइतकं भोळं त्या घरात कुणी नव्हतं.

मुलगा मानसिंग पलटणीत, तिकडं जम्मूच्या बाजूला. घरात सासू, सून आणि सहा वर्षांची नात मनू. उसाची जमीन वाट्यानं दिलेली. सुला आली होती वडूजकडून, माळरानातली. लग्नात तिच्या माहेरी पाय धुवायला तांब्याभर पाणी मिळालं होतं, तेही मोजून मापून. त्या सुनेनं कृष्णाकाठी येऊन नोकरी धरली, लेक सांभाळली, सासूचं बोलणं ऐकून घेतलं. आता मात्र दिवाळीपासून तिच्या तोंडी एकच गोष्ट होती. सांगलीच्या दवाखान्यात बदली मागायची, मनूला तिथल्या शाळेत घालायचं. हरणाबाईंना त्यातून एवढंच ऐकू आलं, की नात जाणार आणि आपण रिकाम्या घरात भिंतींशी बोलत बसणार. मानसिंग आईच्या बाजूचा होता, म्हणून बदली अडली होती. त्याचं मन फिरलं की झालं.

तेव्हापासून हरणाबाईंची नजर घारीची झाली. सुला पहाटे उठून संध्याकाळचं कालवण सकाळीच करून ठेवायला लागली होती. पूर्वी साडेचारला घरी यायची, ती आता दिवा लागता यायची. माळ्यावर बियाणं ठेवायचा वाळका भोपळा होता, तो नाहीसा झाला. बी डब्यात ओतून ठेवलेलं सापडलं. दाव्याची एक जुनी दोरीही गेली. पिशवीत एक लुगडं रोज ओलं यायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुला गोड झाली होती. आधी दमून आली की मनूच्या पाठीत धपाटा ठरलेला असायचा. आता तिला मांडीवर घेऊन बेरजा शिकवायची, भाकरी थापताना गुणगुणायची, सासूचे टोमणे हसून सोडून द्यायची. विनाकारण गोड होणाऱ्या माणसाचा हरणाबाईंना जन्मात भरवसा वाटला नव्हता.

ओलं लुगडं, ओले केस, अमावास्या, भोपळा. चार गोष्टींची बेरीज करायला त्यांना शाळेची गरज नव्हती. ओढ्याकडेच्या म्हसोबाला ओलेत्यानं फेऱ्या घालतात त्या कशासाठी, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. करणी. नवऱ्याचं मन आईवरनं उडावं म्हणून सून करणी करत होती.

शेजारच्या रंगूबाईला त्यांनी हे सांगितलं, तेही "कुनाला बोलू नगंस" असं बजावून. म्हणजे गावाला सांगायची सोय झाली. मग त्या आष्ट्याला गेल्या आणि पोस्टातल्या माणसाकडून मुलाला तार करवली, आई आजारी, ताबडतोब ये. पलटणीतल्या पोराला रजा मिळायची असेल तर आईनं आजारी पडावं लागतं. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी धडधाकट बाया अशा तारेत मरणाला टेकल्या आहेत.

तार गेली, पण मुलगा येईपर्यंत हरणाबाईंना दम निघेना. एका दुपारी मनूला रंगूबाईकडं ठेवून त्या उसाच्या कडेनं दबा धरून बसल्या. चारच्या सुमाराला सुला आली. हातात पिशवी, पायांत घाई. म्हसोबाची वाट उजवीकडं जाते. सुला डावीकडं वळली.

डावीकडं साळूबाईची विहीर. हरणाबाई ताडकन उठल्या. साळूबाईशी त्यांचं बांधावरून वाकडं, इतकं की एक गेलेल्या वाटेवर दुसरी थुंकायची. पण त्या क्षणी बांध आठवला नाही. आठवली ती दोरी. दोरी, विहीर आणि सासूचं बोलणं सोसणारी सून. आपण रोज तिला काय काय बोललो, ते सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. त्या पळत सुटल्या. उसाची पाती तोंडाला कापत होती.

काठावरून खाली पाहिलं, तर सुला पाण्यावर उताणी पडलेली. डोळे मिटलेले, हात पसरलेले, लुगडं फुगलेलं.

हरणाबाईंनी असा काही हंबरडा फोडला की उसातली पाखरं उडाली. प्रेतानं डोळे उघडले.

"आत्या? तुमी?"

खालच्या पायरीवर साळूबाई पान चघळत बसली होती. तिच्या शेजारी दोरी बांधलेला भोपळा, नवशिके पोहताना पाठीला बांधतात तसा. "आरडू नगं," ती म्हणाली. "तुजी सून बुडत न्हाई आता. भोपळासुदिक सुटला तिचा. लय गुणाची हाय."

सुला पायऱ्या चढून वर आली, अंगावरनं पाणी निथळत. हरणाबाईंना तिला मिठी मारावी असंही वाटत होतं आणि थोबाडीत द्यावी असंही. दोन्हीतलं काही न करता त्या म्हणाल्या, "कशापायी गं ह्ये? अमुशा बघंना, पुनव बघंना."

"ओढ्यापलीकडं वस्त्या हायत. पावसात बाळंतपणाला जावं लागतं..."

"खरं सांग."

सुलानं पदराचं पाणी पिळलं. मग म्हणाली, "आवडतं मला. आमच्याकडं बहात्तर साली घागरभर पाण्याला आम्ही रात्र रात्र रांगेत बसलो. इतकं पाणी, आणि त्यात नुसतं पडून राहायचं, असं असतं हेच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात दिवसभर हाका, घरी आलं की मनूच्या हाका, तुमच्या हाका. पाण्यात कुणी हाक मारत न्हाई. तेवढं झालं की मग कुणाचा राग येत न्हाई. तुम्ही साळूमावशीच्या विहिरीवर येऊ दिलं नसतं, म्हणून बोलले न्हाई."

"येऊ दिलंच नसतं," हरणाबाई म्हणाल्या. तेवढं तरी त्यांना खरं बोलता आलं.

त्या दिवसापासून चारच्या पुढं मनूला हरणाबाई सांभाळू लागल्या, आणि संध्याकाळची चूल त्याच पेटवू लागल्या. मनातून मात्र त्यांना एक काळजी पोखरत होती. सुटलेली तार परत कशी बोलवायची? रंगूबाईच्या तोंडाला बूच कोण मारणार?

मानसिंग आला तो साडेचारच्या उन्हात, बूट न काढता तसाच आत. आई मनूच्या वेण्या घालत बसलेली, खणखणीत. त्याच्या कपाळावर आठी होती, आणि ती आईच्या तब्येतीची नव्हती. रंगूबाई त्याला एसटीच्या थांब्यावरच भेटली होती. तिच्या तोंडून निघेपर्यंत म्हसोबाचा एक माणूस झाला होता, ओढ्याकडं वाट बघणारा.

"ती रोज कुठं जाती, आई?"

"बस की. पाणी पी आदी."

"तूच बोलावलंस ना मला? सांग आता. कुणाकडं जाती?"

"हिरीवर. पवायला."

मानसिंग हसला. ते हसू हरणाबाईंनी ओळखलं. हे त्यांचंच हसू होतं, त्यांच्याच संशयाचं पोर मोठं होऊन दारात उभं राहिलेलं. "बायका विहिरीवर पवायला जातात? तिला पाठीशी घालू नको. तिची नोकरी बंद करतो मी आजच्या आज."

"एकली जात न्हाई ती," हरणाबाई म्हणाल्या. "माज्यासंगं जाती. मीबी शिकतीया."

"तू? तुला गुडघाभर पाण्याचं भ्या वाटतं."

"वाटत हुतं."

"मग चल. दाखव."

मनूला शेजारी सोडून मायलेक उसातून गेले. विहिरीत सुला एकटीच होती, मधोमध, पाठमोरी. मानसिंग काठावर उभा राहिला, हाताची घडी घालून. हरणाबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि पायऱ्या उतरायला सुरुवात केली. शेवाळावर पाय सरकत होता. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. तेवढ्या उन्हातही त्यांचे दात वाजायला लागले.

"आत्या! कुठं उतरताय?"

"गप. रोजच्यावानी हात धर."

सुलानं वर पाहिलं. नवरा दिसला, त्याचं तोंड दिसलं, आणि तिला सगळं कळलं. ती पोहत पायरीजवळ आली. दोन्ही तळवे तिनं पाण्याखाली पसरले. "पाठीवर पडा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मान सैल सोडा. मी हाय."

पाणी छातीला आलं होतं. वरून मानसिंग बघत होता, आणि त्यानं आपल्याला उतरू दिलं, थांबवलं नाही, हेही हरणाबाईंना कळत होतं. महिनाभर जिच्या हातचा चहासुद्धा त्या वास घेऊन प्यायल्या होत्या, तिच्या त्या हातांवर त्यांनी पाठ टाकली आणि पायरी सोडली.