मेसाकेची करवंटी

आमच्या गावात रोज संध्याकाळी मुळ्या कुटून केलेला, गुंगी आणणारा कावा करवंटीतून पितात; पहिली करवंटी रातूंची आणि दुसरी माझ्या नवऱ्याची, मेसाकेची. रातू गावाचे प्रमुख, आणि हा चारचौघांत त्यांच्या वतीनं बोलणारा. यानं दुसरी करवंटी रिकामी केल्याशिवाय कुणाला कावा मिळायचा नाही. काय रुबाब होता माझ्या माणसाचा!

त्याला टीबी झाला. गोळ्यांनी खोकला उतरला, पण डोळे पिवळे पडले. दवाखान्यातल्या उनाइसी सिस्टरनं रक्त काढून तपासायला बोटीनं राजधानीला, सुवाला पाठवलं.

"काकी, यकृत दुखावलं की त्यातली द्रव्यं रक्तात पाझरतात," निकाल आल्यावर ती म्हणाली. "त्यांचा आकडा फार चढलाय. गोळ्या सोसल्या नाहीत, त्यात कावा. दोन्ही बंद. आकडा उतरला तरच गोळ्या पुन्हा देता येतील."

"आणि नाही उतरला तर?"

टीबी थोडाच थांबणार होता!

घरी हा म्हणतो, "रातूंसमोर करवंटी नाकारू? त्यापेक्षा मेलेलं बरं."

"मर मग! आणि मी काय करू?" मी ओरडले आणि तडक रातूंकडे गेले. बायकांनी असं जायचं नसतं. गेले.

त्या संध्याकाळी कावाची काथवट चटईवर आलीच नाही. "मेसाकेच्या गोळ्या संपेपर्यंत मीही पिणार नाही," रातू म्हणाले. पहिलीच करवंटी नाही, तर बाकीच्यांना कुठली?

अख्ख्या गावाला कोरड पडली. खोटं कशाला बोलू, आम्हा बायकांची चंगळ झाली. नवरे जेवायच्या वेळी घरात! मेव्हण्यांनी एकमेकांची टर उडवायचीच असते आमच्यात, त्यामुळे माझा भाऊ सेमी रोज दारात हजर.

"दाजी, यकृत तुमचं आणि उपास आमचा? उतरवा की आकडा!"

रक्ताचा निकाल यायचा त्या दिवशी सगळे बाप्ये धक्क्यावर बोटीची वाट बघत उभे. आकडा उतरत गेला. मग रक्त तपासत तपासत एकेक गोळी सुरू झाली, आणि काही महिन्यांनी सगळ्या गोळ्या एकदाच्या संपल्याही.

त्या संध्याकाळी रातू प्यायले. मेसाकेनं रीतीप्रमाणे टाळी वाजवून करवंटी घेतली आणि नुसताच बघत बसला. डोळे भरले होते त्याचे.

"प्या हो दाजी, जीव जातोय!" सेमी ओरडला. मी हसले आणि रडलेही.

मेसाके पुढं म्हातारा होऊन गेला. त्याची करवंटी आता आमचा लेक पितो. सेमी मात्र बैठकीला जात नाही.

परवा विचारलं, तर म्हणाला, "ताई, आता हवा तेव्हा मिळतो गं कावा. ज्याच्यासाठी थांबायचं, तोच नाही."