दोन झऱ्यांचं एकच कूळ

दर महिन्याच्या जत्रेत सकाळी इलारिओनबाबाने गढूळ पाण्याची बरणी उंच धरली. "हे बघा, हिच्या पायातलं पाप!" त्यात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी ओतलं, वर कापड टाकलं. दुपारी कापड काढलं, तर बरणी नितळ! गावकरी छातीवर क्रूसाची खूण करत गुडघ्यांवर कोसळले.

जाबुली तशीच उभी राहिली. तिची सून नार्गिझा चिघळलेला पाय घेऊन पुढेच बसली होती. बाबाच्या शब्दावर तिने दवाखाना सोडला होता.

"आई, डॉक्टरचा हात लागला की गुण जातो म्हणे."

"गुण जातो का पाय, ते बघू."

बाबा गोड हसला. "जाबुलीताई, समुद्राकडच्या झऱ्याचंही पाणी घ्या. तिथला देवदूत वेगळा."

तिने बाबाकडून दोन्ही झऱ्यांच्या बाटल्या घेतल्या. सुनेला दटावून जखमेतला पूही घेतला आणि सगळं राजधानीत, तिबिलिसीच्या प्रयोगशाळेत नातीकडे, केतेवानकडे धाडलं.

पुढच्या जत्रेला केतेवान स्वतः आली. "आजी, पाण्यात जंतू खाणारे विषाणू आहेत. आपल्या देशात औषधाच्या दुकानात कुपीत मिळतात तेच. दोन्ही झऱ्यांतले आणि कुपीतले, जनुकांत कानामात्रेचा फरक नाही."

त्या भागात जाबुलीने दोन्हीकडचे पूर्वज तपासल्याशिवाय सोयरीक ठरत नसे. ती गरजली, "डोंगर आणि समुद्र, दोन टोकं, आणि वंश हुबेहूब एक? माझ्या सख्ख्या भावांची नाकं जुळत नाहीत रे! दोन्ही बाटल्यांत कुपी यानेच ओतली!"

"आणि बरणीतलं पाप?" कोणीतरी विचारलं.

"याने घरी वाढवलेले जंतू," केतेवान म्हणाली. "कुपीतला विषाणू नेमके तेच खातो. मामीच्या जखमेतले जंतू निराळे, त्यांना तो शिवतही नाही." तिने जखमेतल्या जंतूंची बरणी मांडली. बाबाचंच पाणी, बाबाचंच कापड. दुपारी कापड काढलं. गढूळच.

"तुमची श्रद्धा कच्ची!" बाबा किंचाळला.

"श्रद्धा माझी, पाय हिचा, कुपी दुकानाची. तुझं यात काय रे, मेल्या?" जाबुली कडाडली.

नार्गिझा केतेवानच्याच गाडीने दवाखान्यात गेली. पाय वाचला, दोन बोटं गेली. ती बोटं कोणताही देवदूत परत देणार नाही.

आता कोणी नव्या बाबाचं नाव काढलं, की जाबुली दारातच अडवते. "लेकीला स्थळ आलं तर सात पिढ्या उकरता ना? मग चमत्कारालाही विचारा, तू कुणाचा, कुठून आलास. उत्तर देता आलं नाही, तर उंबरा ओलांडू देऊ नका."